सासऱ्यांचे अकरा अल्बम आणि एक गठ्ठा

प्रश्न : ताई, माझे सासरे गेल्या आषाढात गेले. ८४ वर्षांचे होते, हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांच्यामागे पोस्टाच्या तिकिटांचे अकरा अल्बम निघाले, शिवाय बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून सुटी तिकिटं आणि नाडीनं बांधलेला जुन्या पत्रांचा एक गठ्ठा. पत्रं त्यांच्या चुलत्यांनी लढाईवरून पाठवलेली आहेत, काहींवर तर तिकीटच नाही. एक शंभरपानी वही आहे, तिच्यात 'एस.जी.' असं लिहून पुढे नुसते आकडे आणि बरोबरच्या खुणा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. दीर पुण्याला असतात, ते म्हणतात, अल्बम सारखे वाटून घेऊ, नणंदेलाही हवेत. ओळखीतून एक तिकिटांचे व्यापारी आले होते. अर्ध्या तासात सगळं चाळून अल्बमचे अठरा हजार देतो म्हणाले. पाकिटांचं विचारलं तर म्हणाले, ''ती रद्दी आहे, मी फुकट उचलून नेतो, तुमचं घर मोकळं होईल.'' मुलानं मोबाईलवर पाहिलं, गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट लाखोंना जातं म्हणे, आणि ते आमच्या अल्बममध्ये आहे. डब्यात छोट्या ग्रामोफोन रेकॉर्डसारख्या रंगीत चकत्याही आहेत, त्या खेळण्यातल्या असाव्यात. पाकिटांवरची तिकिटं भिजवून काढायला मी कालच सुरुवात करणार होते, तेवढ्यात तुमचं सदर आठवलं. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी ती बादली रिकामी करा.

मी पोस्टात एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ तिकीटसंग्राहकांच्या खिडकीवर. त्यामुळे हे सांगायचा मला अधिकार आहे असं तुम्हाला वाटेल. खरा अधिकार वेगळा आहे. माझे आजोबा १९३० च्या सुमाराला एडनच्या बंदरात कारकून होते. तेव्हा एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता आणि तिथं आपलीच, म्हणजे हिंदुस्थानची तिकिटं चालायची. एडनची स्वतःची तिकिटं १९३७ मध्ये निघाली. आजीकडे त्यांच्या पत्रांची एक पिशवी होती. मी सातवीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत ती सगळी पाकिटं घमेल्यात भिजवली, तिकिटं सोडवली, शिक्क्यानं 'घाण' झालेल्या कडा कात्रीनं कापून टाकल्या आणि पाकिटं बंबात घातली. आज माझ्याकडे पंचम जॉर्जची चाळीसेक तिकिटं आहेत. तशी तिकिटं कुठल्याही तिकीटवाल्याकडे मूठभर मिळतात. त्यांच्यावर एडनचा शिक्का होता, एवढीच त्यांची किंमत होती, आणि तो शिक्का मी कापला.

म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे त्या व्यापाऱ्यांचा 'फुकट'. अठरा हजारांबद्दल मी काही म्हणत नाही, तो आकडा कदाचित वाईटही नसेल, त्यावर पुढे येते. पण ज्याला जुन्या कागदांतलं कळतं असा माणूस दुसऱ्याच्या घरची रद्दी उचलायला स्वतःचा घाम गाळत नाही.

तुम्ही साताऱ्याकडच्या. दुसऱ्या महायुद्धात त्या भागातून मराठा पलटणींत किती पोरं गेली ते तुम्हाला सांगायला नको. एरिट्रियातलं केरेन, मग इटली, असे ते फिरले. त्या पत्रांवर गावाचं नाव नसतं, 'एफ.पी.ओ.' आणि एक आकडा असतो, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. शत्रूला पलटण कुठं आहे ते कळू नये म्हणून नाव लपवायचे. तो आकडा आणि तारीख जुळवून, त्या दिवशी ते टपाल कुठं होतं हे जाणकार आज शोधून काढतात. शेजारी बहुतेक सेन्सॉरचा आणखी एक शिक्का असेल. आघाडीवरच्या शिपायाला बरेचदा तिकीट न लावता पत्र पाठवता यायचं. तुमच्या काही पाकिटांवर तिकीट नाही ते त्यामुळे असणार. म्हणजे तुम्ही ज्यांना बिनकामाची समजलात ती पाकिटं टपालाच्या इतिहासाची हौस असलेला माणूस आधी उघडून बघेल. पत्र आत असेल तर ते पाकिटातच राहू द्या, दोघांची ताटातूट करू नका. नाडी मात्र सोडा, ती कडांना कापते. बटर पेपरमध्ये सैल गुंडाळून आडवी ठेवा. पिना आणि सेलोटेप अजिबात नको. आणि विकायची ठरलीच तर त्याआधी घरातल्या सगळ्यांनी ती एकदा वाचून काढा. मोडीतली असतील तर वाचणारा शोधा. एकदा विकलं की आजेसासूबाईंना लिहिलेलं 'चि. बाळाला ताप आहे का' हेही त्याच्याबरोबर जातं.

आता वही. 'एस.जी.' म्हणजे स्टॅन्ले गिबन्स, लंडनची जुनी कंपनी. तिच्या कॅटलॉगमध्ये जगातल्या तिकिटांना क्रमांक दिलेले असतात आणि आपल्याकडचे जुने संग्राहक त्याच क्रमांकांनी बोलतात. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि 'जय हिंद'. ते ३०२. गांधीजींचा संच ३०५ ते ३०८. तुमच्या सासऱ्यांनी आपल्याकडे काय आहे आणि काय नाही याचा हिशेब त्या वहीत ठेवलाय. अल्बम उघडायच्या आधी ती वही वाचा. एकेका पानाचा मोबाईलवर फोटो काढा, आणि मगच कुणा तिऱ्हाइताला आत घ्या.

३०८ च्या पुढे खूण आहे का बघा. ३०८ म्हणजेच ते दहा रुपयांचं गांधीजींचं तिकीट, तुमच्या मुलाचे लाख. १५ ऑगस्ट १९४८ ला दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये असा चार तिकिटांचा संच निघाला. स्वित्झर्लंडमध्ये कुर्वाझिए नावाच्या छापखान्यात छापला, त्यावर हिंदी आणि उर्दूत 'बापू' आहे. पहिली तीन तिकिटं फार महाग नाहीत. दहा रुपयांचं मात्र खरं असेल तर हजारांत जातं, म्हणूनच त्याच्या नकला सुकाळ झाल्यासारख्या फिरतात. तुमच्या सासऱ्यांनी ३०५, ३०६, ३०७ पुढे खूण केली असेल आणि ३०८ पुढे जागा कोरी ठेवली असेल, तर तिकीट अल्बममध्ये असूनही त्यांनी ते 'आहे' असं धरलेलं नाही. भूगोलाचे मास्तर स्वतःच्या वहीत खोटं लिहीत नाहीत. वहीत खूण असली तरीसुद्धा तपासून घ्या. खऱ्या तिकिटाच्या दातऱ्या दोन सेंटिमीटरला साडेअकरा भरतात, त्या मोजायची पट्टी शंभर-दोनशे रुपयांत मिळते. चांगल्या भिंगाखाली चेहऱ्याच्या सावल्या मऊ, एकसारख्या बारीक जाळीच्या दिसल्या पाहिजेत. साप्ताहिकातल्या फोटोसारखे सुटे ठिपके दिसले तर ती साधी ऑफसेटची छपाई, म्हणजे नक्कल.

मोबाईलवर जे लाख दिसतात ते बहुतेक वेगळ्याच तिकिटाचे असतात. त्याच संचावर 'सर्व्हिस' असा शिक्का छापून शंभर संच गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी केले होते. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. तेव्हापासून प्रत्येक घरातल्या प्रत्येक गांधीला पाच लाखांचा भाव आलाय. माझ्या शेजारणीनं मला ऐंशीच्या दशकातलं पस्तीस पैशांचं तिकीट दाखवून हळूच दार लावून घेतलं होतं.

अल्बमकडे वळू. अकरापैकी किती भारताचे आणि किती 'जगाचे' हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज करते. हंगेरीची तिकोनी, मंगोलियाचे घोडे, पोलंडची फुलं, आणि अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन अशा नावांची मोठी चकचकीत तिकिटं. ही सगळी पुस्तकांच्या दुकानांत पुडक्यानं मिळायची. आमच्या पिढीच्या प्रत्येक मुलाकडे होती. या आखाती अमिरातींनी तर पोस्टात कधी न वापरण्यासाठीच ती छापली. मागे डिंक तसाच आणि कोपऱ्यात सुबक शिक्का दिसला, तर छापखान्यातूनच शिक्का मारून आलेलं तिकीट समजा. जर्मनीची १९२३ ची, लाखा-कोटींचे आकडे छापलेली तिकिटं सापडतील तेव्हा आनंदून जाऊ नका, महागाईच्या त्या वर्षात ती कचऱ्यासारखी छापली. कोरी कवडीमोल आहेत. उलट त्या दिवसांत खरोखर पत्रावर चिकटून गेलेलं असेल तर भाव येतो, आणि म्हणून तिथं शिक्केच खोटे मारलेले असतात. या अल्बमांत दिवसेंदिवस घालवू नका. देश ओळखू येत नसेल तर हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, आणि ज्याच्यावर देशाचं नावच नाही, नुसतं राणीचं डोकं आहे, ते इंग्लंड.

त्या रेकॉर्डसारख्या चकत्या मात्र खेळणं नव्हेत. डबा बंद करा आणि हात धुवून पुन्हा उघडा. भूताननं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वाजणारी तिकिटं काढली, ग्रामोफोनच्या सुईखाली ठेवली की त्यातून भूतानची गाणी ऐकू येतात. सात तिकिटांचा संच होता. तेव्हा संग्राहक नाकं मुरडायचे, आता त्याच लोकांना हवी असतात. मागचा कागद काढून कुठं चिकटवली नसतील आणि ओरखडे नसतील, तर अख्ख्या डब्यात तीच सगळ्यात वजनदार निघतील. वाजवून बघायचा मोह मुलाला होईल, त्याला आवरा.

भारताचे अल्बम सावकाश बघा. व्हिक्टोरियाचं अर्ध्या आण्याचं हिरवं तिकीट दिसलं की 'राणीच्या काळचं' म्हणून घरात आरडाओरडा होतो. ती कोट्यवधी छापली होती, आजही दहा-वीस रुपयांत मिळतात. तिथं बघायचा तो शिक्का. एडन, बसरा, मस्कत, झांजिबार, सिंगापूर, इतक्या ठिकाणी आपली तिकिटं चालली आहेत. संस्थानांच्या तिकिटांत ग्वाल्हेर, होळकरांचं इंदूर, हैदराबाद सहज सापडतील; ग्वाल्हेरचं म्हणाल तर इंग्रजांच्याच तिकिटावर देवनागरीत नाव छापलेलं असतं. १९४९ चा पुरातत्त्व संच लागला तर एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट नीट बघा. मूळ फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला होता, १९५० मध्ये सुधारून पुन्हा काढलं. तुमच्या सासऱ्यांकडे दोन्ही असतील तर त्यांना ही चूक माहीत होती असं समजा, आणि त्यांच्या बाकीच्या निवडीवरही भरवसा ठेवा. त्या संचातलं १५ रुपयांचं, पालिताण्याच्या मंदिरांचं, कोरं आणि मागचा डिंक शाबूत असेल तर वेगळं काढा. महर्षी कर्व्यांचं १९५८ चं तिकीट असणारच, हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ते स्वस्त आहे. नातवंडांना द्यायला चांगलं.

तिकिटं बोटांनी धरू नका, चिमट्यानं धरा. चिमटा म्हणजे सपाट टोकांचा, भुवयांचा नव्हे. अल्बमच्या पानावरून काही खेचू नका. मागे कागदाची छोटी घडी दिसेल, तिला हिंज म्हणतात. ती ओढली की डिंक फाटतो आणि किंमत निम्म्यावर येते. कराडला पावसात कोऱ्या तिकिटांचा डिंक पानाला धरतोच, तसं झालं असेल तर ओढाताण न करता कोरड्या दिवसांची वाट बघा. अल्बम एकावर एक रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा, वजनानं चिकटतात. फडताळ बाहेरच्या भिंतीला लागून नको. डब्यातली रोजच्या वापरातली तिकिटं, १९५० नंतरची, कागदासकट कापलेली असतील ती खुशाल साध्या पाण्यात भिजवा, टिपकागदावर पालथी वाळवा. मात्र लाल किंवा रंगीत पाकिटाच्या कागदावरची वेगळी. रंग सुटून सगळं घमेलं गुलाबी होतं, हेही मी करून बसले आहे. छापील तिकीट असलेली पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं यातलं चित्र कापून काढू नका, ती अख्खीच ठेवायची असतात.

वाटणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिते. अल्बम मोजून तिघांत वाटू नका. तिकिटाचा संच म्हणजे पैठणी; तीन तुकडे केलेत तर तिघांच्याही हाती चिंध्या येतील. एकतर सगळं एका हाती राहू द्या किंवा विकून पैसे वाटा. नणंदेला हवं असेल तर तिला वडिलांच्या हातचं एखादं पान द्या, ज्याच्या खाली त्यांनी शाईनं देशांची राजधानी लिहिलीय तसं. (भूगोलाच्या मास्तरांनी लिहिलीच असणार.)

आता पैसे. कॅटलॉगमधला भाव आणि तुमच्या हातात पडणारा भाव यात कोकण आणि देश यांच्याइतकं अंतर असतं, मध्ये घाट. स्टॅन्ले गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये जे सगळ्यात कमी आकडे दिसतात ते तिकिटाचे नसून ते शोधून, पाकिटात घालून देण्याच्या मेहनतीचे असतात, असं ते स्वतःच सांगतात. सर्वसाधारण संग्रहाला व्यापारी कॅटलॉगच्या दहाव्या भागाच्या आसपास देईल, त्याला दुकान चालवायचं असतं. म्हणून अठरा हजार ऐकून रागावू नका. तुमचे दहा अल्बम खरंच तेवढ्याचे असतील. राग यायचा तर तो अर्ध्या तासाचा यावा. अकरा अल्बम अर्ध्या तासात बघून होत नाहीत, त्यातले दोनच बघितले जातात, आणि कुठले दोन हे तुम्हाला कळलं पाहिजे. पुढच्या वेळी कुणी आलं की त्याच्या शेजारी बसा आणि तो कुठल्या पानावर थांबतो ते मनात टिपून ठेवा. निदान तिघांना दाखवा, एकमेकांचा आकडा सांगू नका, आणि अल्बम रात्रभर कुणाकडे सोडू नका, पावती देत असले तरी. लिलावाकडे जायचं असेल तर कमिशन किती आणि न विकलं गेल्यास परत आणण्याचा खर्च कुणाचा, हे आधी कागदावर घ्या. पोस्टाच्या खिडकीवर जाऊन किंमत विचारू नका. नऊ वर्षं मी 'आम्ही किंमत सांगत नाही, परत विकतही घेत नाही' हेच वाक्य बोलले आहे. पण महापेक्ससारखं टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरलं की तिथं जा. तिथली म्हातारी मंडळी वही बघून जे सांगतील ते फुकट असतं, आणि हा 'फुकट' मला चालतो.

प्रश्न : आमच्या मडगावच्या घरात पोर्तुगीज काळातली तिकिटं आणि आजोबांची पत्रं आहेत. भारताच्या संग्रहात लावू की वेगळी ठेवू?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : वेगळी. 'इंडिया' हे नाव त्यांच्यावर असलं तरी ती पोर्तुगालच्या शाखेची, आणि गोव्याची तिकिटं गोळा करणारे लोक वेगळेच असतात. पहिली १८७१ ची, गोव्यातच ओबडधोबड छापलेली. ती तुमच्याकडे असतील तर मला सांगू नका, जाणकाराला दाखवा, कारण त्यांच्याही नकला आहेत. रेईस, तांग, रुपिया ही जुनी नाणी लिहिलेली १९५९ पर्यंतची, त्यानंतर एस्कुदो-सेंताव्हो हे चलन आलं. सर्वात आधी आजोबांच्या पत्रांमधला डिसेंबर १९६१ शोधा. १९ तारखेला गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगीज तिकिटं पुढे काही दिवस चालली. भारतीय अंमलातला शिक्का आणि खाली पोर्तुगीज तिकीट असं एखादं पाकीट निघालं तर बाकी सगळं ओटीवर ठेवून ते एकटं कपाटात ठेवा.

प्रश्न : एक रुपयाचं नेहरूंचं तिकीट चार लाखांना घ्यायला तयार असलेल्या माणसाचा फोन आला. आधी 'नोंदणी फी' अडीच हजार मागतोय. देऊ का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.